उशीर नेमका कुठं होतोय? मंगळवार पेठेतल्या एका ई-ड्रम किटचं प्रकरण

"दादा, मी मारतोय तवा आवाज येतच न्हाई, मागनं येतोय. आन् आला तरी पोकळ. सॉफ्टवेअरच बदलूया का?"

तक्रार करणारा पोरगा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सीएनसी मशिनवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. राहायला मंगळवार पेठेत, जुन्या घराच्या माळ्यावर. त्यानं जाळीच्या पॅडचं, म्हणजे मेशचं, एक सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक किट घेतलं होतं. मोड्यूल, म्हणजे सगळ्या पॅडांच्या केबल जिथं येतात तो किटचा मेंदू, यूएसबीवाला, पण त्या यूएसबीतून फक्त मिडी, म्हणजे कुठला ठोका किती जोरात पडला याचे आकडे, जाणारं, ऑडिओ नाही. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, २५६ जीबी एसएसडीचा. दोन चॅनेलचा एक ऑडिओ इंटरफेस, म्हणजे कॉम्प्युटरात आवाज नेणारी-आणणारी बाहेरची पेटी, होता, तोही मित्राकडनं उतरवलेला. कॉम्प्युटरवर रीपर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम आणि त्यात ड्रमचे आवाज देणारं अॅडिक्टिव्ह ड्रम्स २.

त्याला खोदून विचारलं तेव्हा त्या एका वाक्यातून पाच तक्रारी निघाल्या. आवाज उशिरा येतो. स्नेअर, म्हणजे पुढ्यातला खणखणीत ड्रम, पोकळ वाजतो. हळू मारलेलं ऐकूच येत नाही आणि जोरात मारलेलं सगळं एकाच पट्टीत येतं. हायहॅट, म्हणजे पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी, उघडत नाही. आणि किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, मारली की मधूनच टॉम, म्हणजे वरचा छोटा ड्रम, आपोआप बोलतो. त्याच्या डोक्यात हा एकच आजार होता आणि त्यावर औषधही एकच, नवं सॉफ्टवेअर. बऱ्याच ड्रमरचं असंच होतं. कानाला शेवटी जे ऐकू येतं ते सॉफ्टवेअरमधून येतं, त्यामुळे शिव्या त्यालाच बसतात. इथं पाचही दुखणी वेगवेगळ्या जागची होती आणि त्यातलं एकही ड्रमच्या सॉफ्टवेअरचं नव्हतं.

आधी थोडं किटबद्दल. ऑर्केस्ट्रात मिळकतीचं वाद्य ऑक्टोपॅड आहे, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. रोलँडचं पहिलं ऑक्टोपॅड १९८५ साली आलं आणि आपल्याकडच्या बॅन्जो पार्ट्यांनी, ऑर्केस्ट्रांनी त्या घराण्याला असं काही उचलून धरलं की ढोलकीपासून ताशापर्यंत सगळं त्या आठ चौकोनांवर आलं. या पोराकडेही त्याच घराण्यातलं जुनं एसपीडी-२० होतं. पण त्याला पायाची किक आणि पायाचा हायहॅट हवा होता, रेकॉर्डिंगमध्ये खऱ्या ड्रमचा आवाज हवा होता, आणि खरे ड्रम पेठेत वाजवणं शक्य नव्हतं. भिंतीला भिंत लागलेली घरं. पहिल्याच दिवशी गल्ली जमा झाली असती. ई-ड्रम आणि सॉफ्टवेअर ही त्याच्यापुरती चैन नव्हती, तेवढी एकच वाट होती.

मोड्यूलमध्ये आवाज असतातच, मग सॉफ्टवेअर कशाला? कारण जुन्या मोड्यूलमध्ये स्नेअरचे मोजके नमुने असतात आणि तेच फिरून फिरून वाजतात. सॉफ्टवेअरमध्ये एकाच स्नेअरचे वेगवेगळ्या जोराचे, वेगवेगळ्या जागी मारलेले कितीतरी ठोके खऱ्या स्टुडिओत खऱ्या माइकनं रेकॉर्ड केलेले असतात. टूनट्रॅकच्या सुपीरियर ड्रमर ३ चं मूळ भांडार २३० जीबीच्या पुढचं आहे. या लॅपटॉपची सगळी डिस्क त्यातच संपली असती. एक्सएलएन ऑडिओचं अॅडिक्टिव्ह ड्रम्स त्या मानानं अंगानं हलकं. (दोन्ही कंपन्या स्वीडनच्या. त्या देशाला ड्रमचं काय वेड आहे देव जाणे.) ८ जीबी रॅमच्या माणसानं हलकंच घ्यावं, हे माझं स्पष्ट मत.

आता ठोक्याचा प्रवास. काठी जाळीवर पडते. जाळीखाली पिझोची चकती असते, ती दाबली गेली की क्षणभर वीज देते. मोड्यूल ती वीज मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद पाहतं, सगळ्यात उंच टोक कुठं गेलं ते धरतं आणि त्याचा १ ते १२७ मधला एक आकडा करतं. ही झाली व्हेलॉसिटी. सोबत नोटचा नंबर जातो. जनरल मिडीच्या पद्धतीप्रमाणे किक ३६, स्नेअर ३८, बंद हायहॅट ४२, उघडा ४६. एवढे दोन आकडे यूएसबीतून लॅपटॉपात जातात. आवाज जात नाही, फक्त आकडे. मग सॉफ्टवेअर त्या आकड्यांना जुळणारा नमुना काढतं, तो बफरमध्ये, म्हणजे आवाज पुढं पाठवण्याआधी साठवायच्या छोट्या जागेत, भरला जातो, इंटरफेस त्याचा पुन्हा विजेचा सिग्नल करतो आणि हेडफोन वाजतो. वाटेत मुक्काम बरेच आहेत, त्यामुळे उशीर होतोय म्हटलं की पहिला प्रश्न हा, की कोणत्या मुक्कामावर.

उशीर मोजायला यंत्र लागत नाही. मोबाइलचा साधा रेकॉर्डर सुरू करून तो स्नेअर पॅडच्या कडेला ठेवला आणि हेडफोनचा एक कान मोबाइलच्या माइकला टेकवला. मग एकेक ठोका, सावकाश. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक ठोक्याला दोन टोकं दिसतात: आधी काठी जाळीवर पडल्याचा बारीक टप्प, नंतर हेडफोनमधला स्नेअर. ती फाइल रीपरमध्ये ओढली आणि दोन टोकांमधलं अंतर निवडलं, की खाली आकडा येतो. इथं तो ६४ मिलिसेकंदांच्या आसपास आला. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. त्या हिशेबानं हा पोरगा २२ मीटर लांब ठेवलेला स्नेअर वाजवत होता. रंगमंचावर मॉनिटर स्पीकर तीन मीटरवर असला तर नऊएक मिलिसेकंद जातात आणि ते कुणाला जाणवत नाहीत. ६४ मात्र हात जागच्या जागी गोठवतात. वाजवणारा नकळत पुढं पळायला लागतो आणि सगळी लय घसरते.

ब्लूटूथ हेडफोनचा विषय मी विचारूनच संपवला. तो त्यानं आधी लावून पाहिला होता. त्यात दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, त्यामुळे ड्रमसाठी त्याचं नावच काढू नये.

रीपरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये गेलो तर तिथं विंडोजचा साधा मार्ग निवडलेला आणि आवाज लॅपटॉपच्याच हेडफोन जॅकमधून बाहेर. इंटरफेस शेजारी निळा दिवा लावून नुसता बसलेला. विंडोजचा तो मार्ग गाणी ऐकायला, सिनेमा बघायला ठीक. त्यात सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र मिसळले जातात आणि त्यासाठी उशीर पोटात घेतला जातो. वाजवायला एएसआयओ लागतं. स्टाइनबर्गनं १९९७ मध्ये आणलेली ही पद्धत ते मिसळणं टाळून थेट साउंड कार्डाशी बोलते. इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाकला, हेडफोन इंटरफेसला लावला, ४८,००० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाची तेवढी मापं, त्यांनाच सॅम्पल म्हणतात) आणि बफर १२८ सॅम्पल. १२८ सॅम्पल म्हणजे कागदावर पावणेतीन मिलिसेकंदांहूनही किंचित कमी.

पुन्हा मोजलं. ३१.

"निम्मं झालं की," पोरगा खूश. पण हिशेब बसत नव्हता. मोड्यूलचे दोन-तीन, यूएसबीचा एखादा, जाता-येता बफर आणि इंटरफेसच्या आतलं रूपांतर मिळून दहाच्या आसपास यायला हवं होतं. वीस-एकवीस कुठंतरी मुरत होते. ते सापडले मास्टर ट्रॅकवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र होऊन बाहेर पडतात तिथं. कुणीतरी त्याला "रेडिमेड" प्रोजेक्ट दिलं होतं, त्यात शेवटी एक भारीतला लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा इफेक्ट, लावलेला. असे लिमिटर पुढं येणारा आवाज आधी पाहून घेतात आणि मग दाबतात. आधी पाहायचं म्हणजे तेवढा वेळ आवाज अडवून धरायचा. रीपरच्या इफेक्टच्या खिडकीत तळाशी हा आकडा सॅम्पलमध्ये लिहिलेला असतो. तिथं १०२४ होता. ४८,००० नं भागलं की २१.३ मिलिसेकंद. हिशेब मिटला. लिमिटर काढला, मोजलं, दहाच्या आत आलं.

तो वाजवत राहिला. काही बोलला नाही, पण मान हलायला लागली, म्हणजे समजायचं.

बफर ६४ वर नेऊन पाहिला तर मधे मधे चर्र आवाज यायला लागला. लेटन्सीमॉन नावाचा एक छोटा प्रोग्राम चालवला, त्यात लॅपटॉपचा वायफाय ड्रायव्हर राहून राहून प्रोसेसर अडवून धरत असल्याचं दिसलं. वायफाय बंद करून, विजेचं सेटिंग हाय परफॉर्मन्सवर टाकून ६४ चाललंही असतं. पण मी १२८ वरच ठेवलं. दहाच्या आत आलेला आकडा आठवर नेण्यात फुशारकी जास्त आणि फायदा कमी. भर कार्यक्रमात एकदा चर्र झालं तर त्याची भरपाई त्या दोन मिलिसेकंदांनी होत नाही.

उशीर गेला तरी स्नेअर पोकळच होता. उलट आता ते जास्तच कळत होतं. इथं कानापेक्षा डोळा उपयोगी पडतो. रीपरमध्ये मिडी रेकॉर्ड केलं, एडिटर उघडला आणि झूम करत गेलो. प्रत्येक ठोक्याच्या जागी एकाला एक चिकटून दोन नोटा. नंबर तोच, व्हेलॉसिटी तीच, मधे केसाएवढं अंतर.

कारण टेबलाखाली लोंबत होतं. मोड्यूल ते लॅपटॉप यूएसबी होतीच, शिवाय मोड्यूलच्या मागच्या गोल पाच पिनांच्या मिडी आउटमधून इंटरफेसच्या मिडी इनमध्ये दुसरी केबल. "दुकानात म्हणले मिडीला मिडीची केबल लागती," असा खुलासा. दोन्ही मार्ग चालू आणि रीपरच्या ट्रॅकला इनपुट "सगळी मिडी उपकरणं" असं दिलेलं. म्हणजे एकच ठोका दोन वाटांनी येत होता. गोल पिनांची मिडी १९८३ पासून सेकंदाला ३१,२५० बिट याच वेगानं चालते. एका नोटला ३० बिट लागतात, म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद. तेवढ्या मागोमाग दुसरा स्नेअर वाजायचा. दोन जवळजवळ सारखे आवाज एका मिलिसेकंदाच्या फरकानं एकावर एक पडले की काही पट्ट्या एकमेकींना खाऊन टाकतात. तोच तो पोकळपणा. पाच पिनांची केबल काढली, ट्रॅकला इनपुट म्हणून फक्त मोड्यूलचं नाव दिलं. स्नेअर भरला.

(एसपीडी-२० ला यूएसबी नाही, त्याला ती गोल पिनांची केबलच लागते. म्हणून ती फेकू नको, असं त्याला सांगितलं. ऑक्टोपॅडही याच सॉफ्टवेअरला जोडता येतं, हे त्याला माहीतच नव्हतं.)

मोड्यूलचं काम सगळ्यात वेळखाऊ आणि मला विचाराल तर या प्रकरणाचा गाभा तोच. त्याला सांगितलं, स्नेअरवर अगदी बोट टेकवल्याएवढ्या हलक्या ठोक्यापासून सुरू कर आणि हळूहळू जेवढं बळ आहे तेवढ्यापर्यंत चढव. रेकॉर्ड केलेल्या मिडीत व्हेलॉसिटीचे दांडे दिसतात. त्याचे दांडे पहिल्या एक तृतीयांश भागात भराभर चढले आणि मग शेवटपर्यंत १२७, १२७, १२७. आणि सुरुवातीचे हलके ठोके तर मुळात नव्हतेच. माझ्या डोळ्यांसमोर काठी पडत होती, पण कागदावर काही नाही.

सॉफ्टवेअरमध्ये व्हेलॉसिटीची वक्ररेषा असते, ती वाकवून हे सुधारेल असं त्याला वाटत होतं. बरेच जण तेच करतात. पण जे चाळीस ठोके मोड्यूलनं १२७ म्हणून लिहिले, त्यातला कुठला मध्यम होता आणि कुठला जीव तोडून मारलेला, हे सॉफ्टवेअरला कुठून कळणार? माहिती मोड्यूलमध्येच चेपली गेली. आणि जो ठोका मोड्यूलनं पाठवलाच नाही, तो तर पुढं कुणालाच दिसणार नाही. त्यामुळे क्रम ठरलेला: आधी पॅड, मग मोड्यूल, सॉफ्टवेअर शेवटी.

हलके ठोके का गेले? मोड्यूलमध्ये थ्रेशोल्ड नावाचं सेटिंग असतं, त्याच्या खालचा धक्का मोड्यूल मोजत नाही. इथं ते बरंच वर चढवलेलं. हे आधीच्या मालकाचं काम असणार. त्यानं ते का केलं असेल, याचं उत्तर पाचव्या तक्रारीत होतं: किक मारली की टॉम बोलतो. किकचा धक्का स्टँडच्या नळ्यांतून टॉमच्या पॅडपर्यंत पोहोचतो आणि तिथली पिझो त्यालाही ठोका समजते. त्यावर उपाय म्हणून मालकानं सरसकट सगळ्या पॅडांचं थ्रेशोल्ड वर नेलं असावं. टॉम बराचसा गप्प झाला, पण स्नेअरचे हलके ठोकेही त्याबरोबर गेले.

मूळ कारण मात्र लोखंडी होतं. टॉमच्या क्लॅम्पचा बोल्ट आट्या गेलेला. घट्ट केला तरी फिरत राहायचा आणि पॅड नळीवर थरथरायचं. हे ऐकून पोरगा पहिल्यांदा हसला. "ह्ये आपलंच काम हाय की." दुसऱ्या दिवशी तो उद्यमनगरातून नवा बोल्ट, मागं लॉकनट असं घेऊन आला. पॅड आवळून बसलं. मग थ्रेशोल्ड खाली आणलं, एवढं खाली की बोटाची टिचकीही मोजली जावी पण शेजारून चालत गेलं तर नाही. उरलेल्या किरकोळ धक्क्यांसाठी मोड्यूलमधलं क्रॉसटॉक थोडं वाढवलं. क्रॉसटॉक वाढवलं की मोड्यूल एका पॅडवर मोठा ठोका पडत असताना दुसऱ्यावरचा अगदी बारीक ठोका सोडून देतं. ते फार वाढवलं तर किक आणि टॉम खरोखर एकदम मारले तरी टॉम गायब होतो, म्हणून गरजेपुरतंच. शेवटी स्नेअरची सेन्सिटिव्हिटी उतरवत गेलो, त्याचा सगळ्यात जोराचा ठोका १२७ ला जेमतेम शिवेपर्यंत.

त्यानंतर सॉफ्टवेअरमधली वक्ररेषा जवळजवळ सरळच ठेवावी लागली. स्नेअरचे बारीक ठोके, दोन मोठ्या ठोक्यांमधे भरायचे ते, पहिल्यांदा ऐकू आले. त्याच्या हातात ते आधीपासून होते.

हायहॅट पटकन उरकला. पाय किती दाबलाय हे मोड्यूल कंट्रोलर नंबर ४ मधून सतत सांगत असतं. या मोड्यूलमध्ये पूर्ण उघडा म्हणजे ० आणि पूर्ण दाबलेला म्हणजे १२७. रेकॉर्ड करून पाहिलं तर पाय पूर्ण उचलला तरी आकडा चाळिशीखाली येत नव्हता. म्हणून सॉफ्टवेअरला हायहॅट कायम अर्धवट मिटलेलाच दिसायचा. पेडल साफ केलं, थोडं सुधारलं. उरलेला फरक सॉफ्टवेअरमध्ये या पेडलची खरी खालची आणि वरची हद्द सांगून भरून काढला. त्याच वेळी मॅपिंगच्या खिडकीतून (कुठल्या नोटला कुठला आवाज, हे तिथं ठरतं) त्याच्या मोड्यूलच्या घराण्याचा तयार नकाशा लावला. अॅडिक्टिव्ह ड्रम्सचा स्वतःचा नकाशा जनरल मिडीपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे स्नेअरची कड मारली की भलतंच वाजत होतं, तेही गेलं.

हेडफोनमधलं सगळं जमलं आणि मग खालून काकू वर आल्या.

"आरं, ह्यो कसला आवाज? वर कुणीतरी खलबत्ता कुटत बसल्यागत वाटतंय."

ई-ड्रम मुके असतात हा मोठाच गैरसमज. हवेतून जाणारा आवाज कमी असतो हे खरं, पण किकचा बीटर पॅडवर आदळतो तो धक्का थेट जमिनीत जातो. स्लॅब असता तर निभावलं असतं. इथं माळा लाकडी. तुळया आणि वर फळ्या. त्याच फळ्या काकूंचं छत. खाली सतरंजी, वर रबराची मॅट, सगळं करून झालं होतं. मॅट काठीचा टकटक आवाज घेते, किकचा धप्प घेत नाही.

पोरानं पुन्हा उद्यमनगराचा रस्ता धरला आणि मशिनखाली बसवतात ती अँटीव्हायब्रेशन पॅडं आणली. काडीचा फरक पडला नाही. त्याला नवल वाटलं, कारण त्याच पॅडांवर त्याच्या कारखान्यात टनभराचं मशिन गुमान उभं असतं. पण गोम तिथंच आहे. ते रबर टनाच्या वजनाखाली दबतं, आणि दबलं तरच स्प्रिंगचं काम करतं. किट, स्टूल आणि वाजवणारा मिळून शंभरएक किलोचं ओझं; त्याखाली ते रबर दगडासारखंच राहतं आणि धक्का जसाच्या तसा खाली सोडतं. इथं मऊ काहीतरी हवं होतं.

त्यावर ड्रमर मंडळींत चालत आलेला उपाय टेनिस बॉलचा आहे. १८ मिलिमीटर प्लायचे दोन मोठे तुकडे, मधे टेनिस बॉल. बॉल साडेसहा-पावणेसात सेंटिमीटरचा असतो; खालच्या प्लायमध्ये पाचेक सेंटिमीटरची भोकं पाडली की तो त्यात बसतो आणि इकडेतिकडे घरंगळत नाही. वरचा प्लाय नुसता ठेवायचा, कुठंही स्क्रूनं जोडायचा नाही; एका जागी जरी जोडला तरी धक्क्याला खाली उतरायला पूल मिळतो. आणि भिंतीलाही टेकू द्यायचा नाही. बॉल फार कमी घेतले तर किट होडीत बसल्यासारखं डुलतं, फार जास्त घेतले तर पुन्हा कडक होतं. त्यानं स्टुलाच्या आणि किकच्या खाली बॉल दाट ठेवले, बाकी विरळ. स्टूलही वरच्या प्लायवरच हवं, नाहीतर पायाचा जोर देताना बूड जमिनीला धक्का देत राहतं.

आवाज पूर्ण गेला नाही. लाकडी माळ्यावर तो जाणारही नाही. काकूंनी खाली बसून ऐकलं आणि संध्याकाळी सात ते नऊ एवढी मुभा दिली. रविवारी दुपारी अजिबात नाही.

ऑर्केस्ट्रासोबतच्या कार्यक्रमाला हे सगळं घेऊन जायचं ठरलं तेव्हा वेगळ्याच गोष्टी पुढं आल्या. केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, त्यानंतर या मंडळींचे बरेच कार्यक्रम मंगल कार्यालयांत आणि लॉनवर होऊ लागले. तिथल्या वायरिंगचा काही भरवसा नसतो. इंटरफेसमधून मिक्सरला पी-३८ जॅकची (पाव इंची पिनेची) केबल लावली की स्पीकरमध्ये घूंऽऽ. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद. चार्जरची अर्थिंग आणि मिक्सरची अर्थिंग यांच्यात केबलमधून फेरा तयार होतो, त्याचा हा आवाज. असे प्रसंग आले की कुणीतरी शहाणा चार्जरची अर्थची पिन मोडायला सांगतो. ते कदापि करू नये, जिवाशी खेळ आहे. मधे डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी, लावायचा आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं. ते सिग्नलच्या केबलची अर्थ तोडतं, मेनची नाही.

वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि इंटरफेस त्याच्याकडूनच वीज घेतो, पण मोड्यूल अडॅप्टरवर. ते क्षणात बंद पडतं. म्हणून मोड्यूलला कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस. आणि मोड्यूलचा स्वतःचा ऑडिओ आउट मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलवर जोडून, फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली करून ठेवलेला. लॅपटॉप अडकला तर साउंडवाल्यानं तो फेडर वर करायचा, एवढंच. आवाज जुनाट येईल, पण गाणं थांबणार नाही. वायफाय आणि अपडेट कार्यक्रमाला निघायच्या आधी घरीच बंद.

राहता राहिली हलगी. कोल्हापूरच्या ऑर्केस्ट्रात हलगी नसेल तर शिट्ट्या मिळत नाहीत, आणि स्वीडनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती कुठून असणार. त्यानं ओळखीच्या एका हलगीवाल्याला घरी बोलावलं, इंटरफेसला माइक लावला आणि तीन जोरांचे ठोके रेकॉर्ड केले. रीपरसोबतच रीसॅम्पलओमॅटिक ५००० नावाचा सॅम्पलर फुकट येतो. त्याच्या तीन प्रती लावल्या. हळू ठोके पहिलीला, मधले दुसरीला, वरचे तिसरीला, आणि एका जादा पॅडचा नोट नंबर तिन्हींना दिला.

हलगी वाजली, पण मागं पडत होती. बाकी सगळं हाताखाली आणि हलगी एकटी उशिरा. पुन्हा मोबाइल पॅडशेजारी ठेवायची गरज नव्हती. फाइलवर झूम केलं, ठोक्याच्या आधी वीसेक मिलिसेकंद नुसती शांतता. रेकॉर्डिंगचा तुकडा कापताना थोडं आधीपासून कापला होता, तेवढंच. सॅम्पलर ती शांतताही इमानदारीनं वाजवत होता. ठोक्याचं टोक जिथून उठतं त्याला चिकटून फाइल कापल्या आणि हलगी रांगेत आली.

एक गोष्ट अजून बाकी आहे. हळू ठोक्यांची हलगी जोराच्या ठोक्यांपेक्षा उतरलेली ऐकू येते. एका रांगेत वाजवलं तर दोन वेगळ्या हलग्या वाटतात. हलगीवाल्यानं सुरुवातीला कातडं शेकून घेतलं होतं आणि जोराचे ठोके आधी दिले. हळू ठोक्यांची पाळी येईपर्यंत कातडं निवलं, ढिलं पडलं आणि सूर खाली गेला. वक्ररेषा, क्रॉसटॉक, नकाशा, यातलं काहीच इथं उपयोगाचं नाही. पुढच्या वेळी दर थोड्या ठोक्यांनी शेकून घ्यायचं आणि तिन्ही जोर आळीपाळीनं रेकॉर्ड करायचे, प्रत्येकाचे तीन-चार, म्हणजे एकच नमुना सलग वाजून मशिनसारखं वाटणार नाही. जाळ मात्र अंगणात करायचा. लाकडी माळ्यावर शेकोटी पेटवायला काकूंनी आत्ताच नाही म्हणून सांगितलंय.